ठोकबाईंचा संशय

हे विश्व घडवणाऱ्या, हे दयाघना! तू आम्हांला जग नुसते ऐकवले नाहीस, आमच्या हाती दिलेस. माती दिलीस, आणि ती मळायला बोटे दिलीस. लाकूड दिलेस, आणि ते तासायला मनगट दिलेस. तुझ्यापुढे जे हात जुळतात, त्याच हातांना घडवण्याचे वेड तू लावलेस. तुला वंदन करून तुझ्या एका लेकीची कथा सांगतो. तिच्यातले प्रेम तुझे होते. संशय मात्र तिचा तिचा होता.

ती शाळेत हातकाम शिकवी. मुले तिला ठोकबाई म्हणत, आणि तिला ते आवडे. तिच्या वर्गात फळ्यावर खडू क्वचितच चाले. चाले ती करवत, चाले ते गिरमिट, चाले ती कानस. मूल आपले ज्ञान आपणच रचते, आणि चारचौघांना दाखवता येईल अशी वस्तू घडवताना ते सर्वांत पक्के रचते, हा ज्ञानरचनावाद्यांचा विचार बाईंच्या अंगात भिनला होता. खिडकीपासून दारापर्यंत त्यांनी एक तार बांधली होती. जो तुकडा बिघडेल तो कपडे वाळत घालावेत तसा चिमट्याने तिथे अडकवायचा. "ही बघ माझी चूक!" म्हणत मुले मिरवत. बाई म्हणत, "चुकलेलं दिसलं की शिकलेलं दिसतं."

पण याच बाई संशयाने पोखरल्या होत्या. एकदा एका मुलाने देखणी होडी आणली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. होडी त्याच्या मामाने केली होती, हे पुढे कळले. उसन्या कौतुकाचे ओझे त्या मुलाला पेलले नाही. पुन्हा त्याने करवतीला हात लावला नाही. तेव्हापासून बाई प्रत्येक वस्तूवर मागच्या मोठ्या माणसाचे ठसे शोधत. घरी धाकटी नणंद हसे, "वहिनी, मी केलेला चहासुद्धा तू कोणी केला म्हणून विचारशील!"

आणि एके दिवशी किल्लीवाल्याच्या मुलीने तराजू आणला.

तळहाताएवढा तराजू! लाकडाची दांडी, झाकणांची पारडी, आणि दांडी झुलवणारा आस म्हणून घासून गुळगुळीत केलेली जुन्या किल्लीची दांडी. एका पारड्यात पेन्सिलीचे टवके टाकले तरी तो नम्रपणे झुकत होता. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. किल्ली? आणि तारेवर या मुलीची एकही चूक नाही? वर्षभरात एकही नाही?

"कोणी केला गं?"

"मी."

"बाबांनी थोडा हातभार लावला असेल."

"नाही."

"मग असं कर. आत्ता इथे, सगळ्यांसमोर, दुसरा करून दाखव."

मुलीने तराजू उचलून दप्तरात ठेवला. "तुम्हाला खरं वाटत नाही म्हणून का करू?" एवढे बोलून ती कोपऱ्यात जाऊन बसली. त्यानंतर ती वर्गात येई, पण हात काखेत दाबून बसे. ज्या गोष्टीच्या भीतीने बाईंनी विचारले, तीच त्यांनी आपल्या तोंडाने ओढवून घेतली होती. मुलगी खोटी असेल तर कौतुकाने तिचा हात थिजणार. खरी असेल तर संशयाने तो थिजलाच होता. या हाताचे आता काय करावे? देवा, बाईंची झोप उडाली.

शेवटी, शाळा सुटल्यावर, मुलीचा बापच वर्गात आला. खिशात किल्ल्या खुळखुळत होत्या. मुलगी त्याच्यामागे मान खाली घालून उभी राहिली.

"बाई, माझ्या लेकीला तुम्ही खोटारडी ठरवलंत म्हणे?"

"ठरवलं नाही. विचारलं. आस तुमच्या दुकानातला आहे."

"भंगाराच्या डब्यातला आहे! तिनं मागितला, मी दिला. आणि मला काय विचारता? मी तर घरात सांगत होतो की तराजू तुम्हीच करून दिलाय."

"मी?"

"मग काय! शाळेचं नाव व्हावं म्हणून बाई वस्तू करतात नि पोरांच्या नावावर खपवतात, असं मला वाटलं. इतकं नेटकं पोराच्या हातून होतं होय?"

बापाचा संशय बाईंवर, बाईंचा बापावर. आणि मध्ये उभी असलेली कर्ती कोणालाच दिसली नव्हती! मुलगी दोघांकडे आळीपाळीने पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, राग होता.

बाईंना तोंडात मारल्यासारखे झाले. त्या खाली बसल्या, मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर आल्या. "आम्ही दोघंही चुकलो गं. तू काही सिद्ध करू नकोस. मला तराजू करायचाय. शिकवशील?"

मुलीने हात काखेतून काढले नाहीत. फक्त हनुवटीने लाकूड दाखवले. बाईंनी पट्टी कापली, मध्य मोजला, गिरमिटाने भोक पाडले, आस घातला. सोडताच दांडी गर्रकन उलटी झाली. पुन्हा सरळ केली, पुन्हा उलटी.

"मुद्दाम चुकताय ना?" मुलीने डोळे बारीक केले.

"शप्पथ नाही! मध्य तर बरोबर धरलाय."

"लांबीचा धरलाय. पण भोक खालच्या कडेजवळ गेलंय. वर पाहिजे. मग दांडीचं वजन खाली राहतं, ती परत येते."

"तुला कसं कळलं?"

"माझीपण उलटायची. चुकलं की भोकापाशीच कापायचे, उरलेल्या तुकड्याचा परत करायचे. आधी हा एवढा होता." तिने दोन्ही हात पसरले. काखेतून निघालेले ते हात हवेत तसेच राहिले. "आमच्याकडे काही टाकत नाहीत. मग तारेवर काय लावू?"

बाईंना तो तळहाताएवढा तराजू आठवला. साऱ्या चुका त्याच्या लहानशा आकारात साठल्या होत्या. आणि बाई त्या तारेवर शोधत होत्या!

बाप पुढे सरसावला. "आण, मी धरतो पट्टी."

"बाबा, हात लावू नका! परत म्हणतील तुम्ही केला."

बाप मागे सरला, खुळखुळत. मुलीने बाईंच्या हातून गिरमिट घेतले, टोक वरच्या कडेजवळ टेकवले आणि फिरवू लागली. मध्येच थांबून तिने वर पाहिले, बाई अजूनही आपल्याला पारखत तर नाहीत ना, म्हणून. बाई लाकूड घट्ट धरून बसल्या होत्या. तिने पुन्हा फिरवायला घेतले.

हे कर्त्या, त्या ठोकबाईंचे कल्याण कर. त्यांची नजर निवळू दे, पण धार मोडू नकोस. त्यांची नणंद हसती राहो, त्यांच्या घरी चहाचे आधण आनंदाने उकळो, त्यांच्या वर्गातला ठोकाठोकीचा गजर कधी थांबू नये. आणि त्या किल्लीवाल्याच्या घरावर, त्याच्या लेकीच्या बोटांवर, तुझी छाया अखंड राहो.