रीडिंगकाकांचा चार्ज

रीडिंगकाकांच्या हातात चहाचा कप दिला की ते आधी कपाला हाताची मागची बाजू लावायचे. डोळे मिटून "बासष्ट!" म्हणायचे आणि मग खिशातून पेनासारखा थर्मामीटर काढून खुशाल चहात बुडवायचे. एकसष्ट नाहीतर त्रेसष्ट आलं की स्वारी खूश. "बघ, माणूस अजून चालू आहे!" असं म्हणून मगच पहिला घोट. तोवर माझा चहा गार झालेला असायचा, कारण मीही बघतच बसायचे.

कात्रपला आमच्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्यावर एकटेच राहायचे. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत, इन्स्ट्रुमेंट खात्यात त्यांचा जन्म गेला होता. हॉलमध्ये बुद्धमूर्ती, आणि शेजारच्या शोकेसमध्ये बाहुल्यांच्या जागी कंपनीने मोडीत काढलेले, प्रेशर मोजायचे गोल काटे! रोज सकाळी वंदना झाली की ते काटेही पुसायचे.

मी त्या वर्षी ऑफिस सोडून बारवी धरणाच्या बाजूला, सासूबाई राहायच्या त्या सासरच्या शेतात भेंडी लावायचं डोक्यात घेतलं होतं. घरच्यांनी एकच हंगाम दिला होता. शिमग्यानंतरही भेंडी निघत राहिली तर शेती, नाहीतर मुकाट्याने परत खुर्चीवर. घोडं अडत होतं विहिरीपाशी. धरण डोळ्यांसमोर, पण पाणी सगळं शहरांना. आमच्या वाट्याला एक विहीर, आणि ती शिमग्याच्या आत तळ दाखवायची. मी हे रडगाणं गायलं तसे काका ताडकन उठले. "रोपाला तहान लागली की नाही, हे रोपाला विचारतं कोण? चल उल्हासनगरला!"

उल्हासनगरच्या बाजारात काकांची चाल बदलायची, लहान मुलाला जत्रेत सोडावं तशी. ही सर्किटं, ती बॅटरी, हे सिमकार्ड. दुकानदार शेटजी म्हणाले, "काका, ये खेती में चलेगा?" काका म्हणाले, "चलेगा नहीं, बोलेगा!" पुढे चार दिवस जिन्यात सोल्डरिंगचा वास. आणि पाचव्या दिवशी शेतात एक पांढरा पाईप उभा राहिला, डोक्यावर वहीएवढं सोलर पॅनल, पायाशी मुळांजवळ खुपसलेला सेन्सर. दुसरा विहिरीच्या तोंडाशी. अहो, मी कात्रपला चपात्या लाटत होते आणि मातीतला ओलावा माझ्या फोनवर! विहिरीत किती फूट पाणी, तेही! मी दूधवाल्यालासुद्धा धरून दाखवलं.

काकांनी नियम दोनच दिले. ओलावा चाळीस टक्क्यांच्या खाली गेला की ठिबक चालू करायचं. आणि दुसरा, "आधी अंदाज, मग आकडा. शेतात गेलीस की मूठभर माती दाब, मनात आकडा धर, मग फोन उघड." पहिला मी पाळला. दुसरा कशाला पाळू? फोन सांगत होता ना!

आठ दिवस आकडा चाळीसच्या वरच. पाणी वाचतंय म्हणून मी हवेत. नवव्या दिवशी काका आले, त्यांनी मूठभर माती उचलली, ती बोटांमधून सरसर गळून गेली. "सव्वीस," ते म्हणाले. फोनवर चव्वेचाळीस. भेंडीची फुलं वाफ्यात गळून पडलेली. "अंदाज घेतला होतास?" "नाही," मी म्हणाले. "आठ दिवस, पोरी?" काकांचा आवाज चढलेला मी तेव्हा एकदाच ऐकला. ऑफिसची खुर्ची माझ्या डोळ्यांपुढे दिसायला लागली, आणि मला रडूच फुटलं.

काकांनी लगेच ठिबक सोडलं आणि फोनवर मागच्या दिवसांचा आलेख काढला. रोज सकाळी सात वाजता रेघ टणकन वर उडी मारत होती. "डिसेंबरात रोज सातला पाऊस? आणि फक्त याच्याच डोक्यावर?" त्यांचे डोळे चमकायला लागले.

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच आम्ही दोघं पेंढ्याच्या उडवीमागे दबा धरून! बरोबर सातला माझ्या सासूबाई आल्या. हातात तांब्या. पाईपला हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं आणि तांब्याभर पाणी बुडाशी ओतलं.

"ताई!" काका उडवीमागून बाहेरच आले.

सासूबाई जराही दचकल्या नाहीत. "दिसभर उन्हान उभा हाय बिचारा. आपल्यासाठी राबतो, तं तांब्याभर पानी नको त्याला?"

मी कपाळावर हात मारला. काका मात्र हसले नाहीत. "चूक ताईंची नाही, माझी आहे. कंपनीत शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला सगळं सांगायचं, 'चार्ज दिला' म्हणायचं. तो 'घेतला' म्हणाला की मगच गेट सोडायचं. मी मशीन बसवलं आणि शेतात दिवसभर असणाऱ्या माणसालाच चार्ज दिला नाही."

मग बांधावर बसून त्यांनी सासूबाईंना सगळं समजावलं. अक्षरं त्यांना येत नव्हती, पण आकडे येत होते, एसटीचे नंबर वाचून वाचून. आणि काय सांगू, त्या पेटल्याच! मूठ दाबायची, "छत्तीस!" म्हणून ओरडायचं, मग फोन. काकांशी पैज, हरेल त्याने चहा करायचा. महिनाभरात काकाच जास्त वेळा चुलीपुढे बसलेले दिसायचे. भेंडीने पुन्हा फूल धरलं. पाणी लागेल तेव्हाच सुटत होतं, आणि विहीर टिकत होती.

काकांची छाती मात्र केमिकलने कधीच खाल्ली होती. थंडी सरता सरता त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. तिथल्या खाटेवरून रोज सकाळी त्यांचा फोन यायचा, "ताई, रीडिंग?" शिमग्याच्या दोन दिवस आधी तो आला नाही. सासूबाई फोन हातात धरून दुपारपर्यंत बांधावर बसून होत्या.

पुढच्या आठवड्यात काका गेल्यावरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम बिल्डिंगखाली झाला. कंपनीतले त्यांचे जुने सोबती चांगलं बोलले. मी बोलायला उठणार होते. तेवढ्यात सासूबाई उठल्या. जन्मात त्यांनी कधी माईक धरला नव्हता. पदर सारखा केला आणि काकांच्या फोटोकडे बघून म्हणाल्या,

"भाऊ, आजचं रीडिंग. माती एकेचाळीस. हिरीत पानी साडेसात फूट. शिमगा झाला, भेंडी चालू हाय."

मग फोटोला हात जोडले.

"चार्ज घेतला."

मागच्या खुर्च्यांवरचे कंपनीतले म्हातारे एकेक करून उभे राहिले.