मूकपटातला पियानो

मीटिंगमध्ये मी कॅप्शन लावून बसायचो, घरी समोरच्याचे ओठ बघायचो आणि वेळ मारून न्यायचो. बायको म्हणायची, "अरे, एकदा कान चेक करून घे ना यार!" मी खेकसायचो, "मळ साचलाय, बाकी काही नाही." खरं म्हणजे टरकलो होतो. कान गेले की नोकरी जाणार, नोकरी गेली की व्हिसा, मग अमेरिकेतलं, मॉरिसव्हिलमधलं सगळं बिऱ्हाड गुंडाळा. रिपोर्टच नको, असं माझं दिव्य लॉजिक.

एका रविवारी दुपारी तिने एका जुन्या थिएटरची तिकिटं काढली. कुठल्याशा कादंबरीवरून इंग्लंडमध्ये काढलेला, शंभरेक वर्षांपूर्वीचा साहसपट, आणि तोही मूकपट. वा! मला लॉटरीच लागली. इथे कुणालाच काही ऐकायचं नव्हतं. संवाद पडद्यावर लिहून येत होते. बुडणारं जहाज, कड्याला लोंबकळणारा नायक, मिशाळ खलनायक, सगळं मला बायकोइतकंच कळत होतं. एसीची घरघर तेवढी चालू होती. कित्येक महिन्यांनी मी खुर्चीत सैल बसलो.

नायक गुहेत शिरला. पडद्यावर अजून काहीच घडलं नव्हतं, तरी आमची अख्खी रांग दचकली. बायकोने माझा दंड धरला.

"काय झालं?" मी विचारलं. पुढची चार डोकी वळली, म्हणजे मी ओरडलोच असणार. तिने पडद्याच्या डावीकडे बोट दाखवलं. तिथे छोट्या दिव्याखाली एक म्हातारा पियानो वाजवत होता. अहो, चक्क पियानो! दोन्ही हात उचलून पट्ट्यांवर दाणदाण आपटत होता.

त्याने हात वर धरले, की एसीची घरघर थांबायची. हात खाली आले, की पुन्हा सुरू.

आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. पुढे नायकाचं काय झालं ते मला विचारू नका, मी त्या बोटांकडेच बघत होतो. बोटं भराभर पळत होती आणि माझ्यापर्यंत नुसती घरघर पोचत होती.

बाहेर लॉबीत मी बायकोला थांबवलं. "मला पियानो ऐकू आला नाही," म्हटलं. "मला वाटलं एसी आहे."

ती काहीतरी म्हणाली. पण तोंडावर हात धरून म्हणाली, त्यामुळे मला काहीच कळलं नाही.