कॅप्टनचा नारळ

"तू जरा बाजूला उभा राहा," खेळाचे सर म्हणले. "पूजा झाली की बोलावतो."

खंडेनवमीचा दिवस होता. आमच्या कॉलेजात त्या दिवशी बास्केटबॉलच्या ग्राउंडवर बॉलची पूजा होते. गॅरेजवाले पाने-हातोडे मांडतात, तसे आम्ही बॉल मांडतो. झेंडूचा हार, हळदकुंकू, अगरबत्ती. अन् कॅप्टन रिंगखाली नारळ फोडतो. दरवर्षी कॅप्टनच फोडतो. मंग सीझन सुरू.

यंदा कॅप्टन मी होतो. पोरायनीच निवडलं होतं, हात वर करून. सकाळी लवकर येऊन मीच बॉल धुतले, हवा भरली, रांगेत मांडले. नारळ उचलायला वाकलो अन् सर ते बोलले. नारळ धनंजयच्या हातात गेला. धनंजय म्हणजे आमच्या संस्थेच्या संचालकांचा पोरगा. टीममध्ये होता, पण बदली खेळाडू. त्यानं मी मांडलेल्या बॉलवर आधी पाणी शिंपडलं, मंग कुंकू लावलं. संचालक साहेब खुर्चीवर बसून बघत होते.

मी सायकल स्टँडपाशी उभा. कॅप्टन म्हणे.

आम्ही बौद्ध. घर भोकरदनजवळच्या खेड्यात, बाबा मोंढ्यात धान्याच्या पोत्यांची हमाली करतात. आमच्या घरात पूजा न्हाई, नारळ न्हाई. आदल्या दिवशी मी बाबांना फोन करून विचारलं होतं, टीमची अशी पद्धत आहे, काय करू? त्यांनी जन्मात कधी नारळ फोडला न्हाई. तरी म्हणले, "फोड. टीमसाठी फोड. पोरायचं मन कशाला मोडतो?" म्हणजे बघा. बाबांनी आयुष्यभर जपलेलं एका फोनवर माझ्यासाठी बाजूला ठेवलं. अन् ह्या लोकायला ते घ्यायचं पण नव्हतं. अपमान माझा झाला, पण जास्त राग बाबांच्या त्या "फोड"चा येतो. फुकट गेलं ते.

पूजा झाल्यावर बोलावलं मला. कागदावर खोबरं दिलं. खाल्लं मी. लगेच प्रॅक्टिस लागली अन् तेच बॉल माझ्या हातात. आता कुणाला काही अडचण न्हाई. माझा घाम लागलेला बॉल धनंजयनं छातीशी धरला, त्याला बिलकुल काही वाटलं न्हाई. खेळताना हात चालतो. कुंकू लावताना चालत न्हाई.

तेव्हाच का न्हाई बोललो? विद्यापीठाची टीम. जो विद्यापीठाकडून खेळतो, त्याला खेळाडू कोट्यातून पोलीस भरतीला उभं राहता येतं. माझ्यापाशी दुसरं काय होतं? निवड करणारे आंतरमहाविद्यालयीन फायनल बघायला येतात. फायनलपर्यंत जायचं अन् तिथं खेळून दाखवायचं, एवढंच डोक्यात होतं. म्हणून गिळलं.

सागर माझा रूममेट, टीममध्येच होता. एका डब्यात जेवायचो आम्ही. त्या दिवशी मला बाजूला काढलं तेव्हा तो बुटाची लेस बांधत बसला होता. रूमवर आल्यावर म्हणला, "सोड ना यार. नारळच आहे." मी म्हणलो, "मंग तू सोडला असता का?" तो आंघोळीला निघून गेला.

सीझन आमचा जोरात गेला. अंबडवाले हरले, परतूरवाले हरले. प्रत्येक मॅचच्या आधी नारळ. प्रत्येक वेळी धनंजय. नारळ फोडायचा अन् बेंचवर जाऊन बसायचा. मंग मी खेळायचो. जिंकलो की सर माझ्या पाठीवर थाप मारायचे, "वाघ आहेस तू." वाघ म्हणायचे अन् नारळ आला की बाजूला हो म्हणायचे. मला ती थाप नको वाटायला लागली. पाठ चोरायला लागलो मी.

फायनल बीडला होती. जीपनं गेल्तो. शहागडला गोदावरीच्या पुलाअलीकडं गाडी थांबली. सगळे चहाला उतरले. सरांनी तिथल्याच दुकानातून नारळ घेतला, हलवून पाणी बघितलं अन् माझ्या समोरून धनंजयच्या बॅगेत टाकला. माझ्याकडं बघितलं सुद्धा न्हाई. त्यांच्यासाठी ते ठरून गेल्तं. अन् मी पण ठरवून टाकल्यासारखा चहा पीत होतो. तिथं मला माझीच किळस आली. हे असंच चालू द्यायचं? उद्या वर्दी अंगावर आली तरी कुणीतरी बाजूला हो म्हणणार, अन् मी होणार. सवय लागलेली असणार ना.

बीडला ग्राउंडवर दोन्ही टीम उभ्या. निवड करणारे टेबलापाशी. संचालक साहेब गाडी घेऊन आल्ते. सरांनी धनंजयला नारळ काढायला सांगितला.

मी पुढं झालो. "सर, कॅप्टन मी आहे."

"अरे हो, कॅप्टन तूच आहेस. हे जरा वेगळं असतं."

"काय वेगळं असतं?"

"आता मॅचच्या तोंडावर वाद नको."

"वाद न्हाई सर. मला का चालत न्हाई, तेवढं सांगा."

सर हळू आवाजात म्हणले, "तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. ह्या पोरायला सांगा. मोठ्यानं सांगा."

सरांनी संचालक साहेबांकडं बघितलं. एवढे शिकलेले सर. दोन अक्षरं निघाली न्हाईत. तिथं मला कळलं, की लाज मला वाटायची काही गरजच न्हाई. करताना त्यांना लाज न्हाई, बोलताना आहे. मी इतके महिने उगाच मान खाली घालून राह्यलो.

"खेळायचं असंल तर गप उभा राहा," सर म्हणले.

मी जर्सी काढली. बेंचवर ठेवली अन् बनियनवर प्रेक्षकात जाऊन बसलो. सागरनं एकदा माझ्याकडं बघितलं. मंग शिट्टी झाली.

आमची टीम हरली. वाईट हरली. मला आनंद झाला न्हाई. रिकाम्या जागेवर पास जाऊन राह्यले होते, मी असतो तिथं. बघवत नव्हतं. निवड करणाऱ्यांनी समोरच्या टीममधली पोरं घेतली. माझं ते दार बंद झालं, माझ्या डोळ्यासमोर.

परतीच्या जीपमध्ये मागून कुणीतरी बोललं, "जातीवर गेला अन् टीमची वाट लावली." सगळ्या सीझनमध्ये तो शब्द पहिल्यांदा निघाला. अन् काढला कुणी म्हणे? मी.

घरी गेलो. माय रडली. म्हणली, "दोन मिनटं गप राह्यला असता तर काय झालं असतं रे?" मला वाटलं होतं बाबा शाबासकी देतील. न्हाई दिली. पोराची होणारी नोकरी गेली, त्याची शाबासकी कोण देणार.

परवा सागर निरोप घेऊन आल्ता. सर म्हणतात, संचालक साहेबांना भेट, चुकलो म्हण, पुढच्या वर्षी घेतो टीममध्ये. सागर म्हणला, "बोल ना एक शब्द. खेळ तुझा वाया चालला."

मी म्हणलो, सरांना सांग. माफी मागणार न्हाई. ट्रायलला येणार. रोज प्रॅक्टिस करून राह्यलो, कुणापेक्षा कमी पडणार न्हाई. मला काढायचं असंल तर सगळ्या पोरायसमोर काढा, अन् का काढलं ते स्वतःच्या तोंडानं सांगा. सांगेपर्यंत मी ग्राउंड सोडणार न्हाई.