म्हशीला शनिवार नसतो

शिवाजी पेठेत बाळासोचा आठ म्हशींचा गोठा आहे. म्हशी आठ आणि बाळासोचं तोंड एक, पण ते एक तोंड आठांना भारी पडेल असं आहे. संध्याकाळी पेठेतली माणसं किटल्या घेऊन धारोष्ण दुधासाठी रांगेत उभी राहतात आणि बाळासो हातात माप घेऊन त्यांना दूध कमी आणि अक्कल जास्त घालतो. गेली काही वर्षं त्याच्या तोंडाचा पट्टा एकाच माणसावर चालत आला आहे. तो म्हणजे त्याचा धाकटा भाऊ पृथ्वीराज, म्युनिकला मोटारींच्या कंपनीत इंजिनियर, तिकडं जाऊन नऊ वर्षं झालेला.

पृथ्वीराज दर शनिवारी व्हिडिओ कॉल लावायचा. त्याची दुपारची बारा-एकची वेळ म्हणजे इथले साडेचार, ऐन धारांची वेळ. कधी मागं तळं असायचं, कधी डोंगर, कधी कुठल्याशा राजाचा वाडा. बाळासो फोन उंच धरून सगळ्या रांगेला दाखवायचा आणि वर स्वतःचं निवेदन जोडायचा.

“बघा, ह्यो आमचा भाऊ. मागल्या शनवारी एक तळं बघून आलता, आज दुसरं बघाय गेलाय. हितं असताना रंकाळ्याला एक फेरी मारली न्हाई पट्ट्यानं.”

रांग हसायची. हसण्यासारखं होतंही. पृथ्वीराजच्या सहली एकट्याच्या नसत, आठ मराठी कुटुंबांचा तांडा असे. शुक्रवारी संध्याकाळी थालीपिठं भाजायची, शनिवारी पहाटे रेल्वे पकडायची, डोंगराच्या पायथ्याशी सतरंजी अंथरून थर्मासमधला चहा प्यायचा आणि सगळ्यांनी काळे चष्मे लावून फोटो काढायचा. चारशे फोटोंत माणसं तीच, चष्मे तेच, मागचं पाणी तेवढं वेगळं. ऑस्ट्रियात जाऊन ही मंडळी कांदा-लसणाची चटणी खात, आणि चटणी संपली की सहल फसली म्हणत. तिथल्या एकाही शेजाऱ्याचं नाव कुणाला धड सांगता येत नव्हतं.

सणांचं तर विचारूच नका. गणपती बुधवारी आला तरी त्यांच्याकडं तो शनिवारी यायचा, कारण शाळेचं सभागृह शनिवारीच भाड्यानं मिळतं. कोजागिरीला चंद्र निम्मा झिजला तरी चालेल, पण वार शनिवार पाहिजे. दूध पाकिटातलं. पेठेत असताना कधी तालमीच्या मंडळाची वर्गणी न दिलेला पृथ्वीराज तिकडं मंडळाचा उपाध्यक्ष झाला होता आणि भगवा फेटा बांधून भाषण करत होता. पण बाळासोला खरा झोंबला तो त्यांच्या जेवणावळीचा प्रकार. घरी जेवायला बोलवायचं, तेही तीन आठवडे आधी, आणि वर सांगायचं की येताना प्रत्येकानं एकेक भांडं शिजवून आणा.

“पावण्याला आवतण द्याचं आणि डबा घिऊन ये म्हणायचं,” बाळासो रांगेला सांगायचा. “आमच्यात असं केलं तर लोक मयताला बी यायची न्हाईत.”

बाळासोचं बोलणं खोटं नव्हतं, पण ते बोलायचा हक्क त्याला कुणी दिला हा प्रश्न होता. हा गृहस्थ स्वतः बारा वर्षांत अर्ध्या तासावरच्या पन्हाळ्याला गेला नव्हता. कुठं जायचं म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं, “म्हशीला शनवार नसतोय.” दिवाळीच्या पाडव्याला मात्र त्याचा थाट बघावा. चंद्री म्हशीची शिंगं रंगवून, तिला मोरपिसं बांधून, तो मोटारसायकलवरून सुसाट निघायचा आणि चंद्री मागून धावायची. लोक शिट्ट्या वाजवायचे, हार बाळासोच्या गळ्यात पडायचा. त्यामुळं म्हशी बाळासोच्या, दूध बाळासोचं, नावही बाळासोचं.

धारा मात्र त्याची बायको वर्षाराणी काढायची. सासूचे हात थकले तेव्हा ती म्हशीखाली बसली, त्याला बावीस वर्षं झाली. शेण तिनं काढायचं, म्हशी तिनं धुवायच्या, आठही म्हशी सकाळ-संध्याकाळ तिनं पिळायच्या. बाळासोच्या मते ते काम नव्हतं, ते बाईच्या हातासरशी होऊन जायचं. तो वैरण आणायचा, माप धरायचा आणि बोलायचा. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला असा माणूस शोधून सापडला नसता.

वर्षाराणीही त्या कॉलवर असायची, म्हशीच्या आडून. रांग हसत असताना ती मान वळवून फोनकडं बघायची आणि तळ्याचं नाव विचारून घ्यायची. त्या आठ कुटुंबांतल्या पोरांची नावंही तिला पाठ होती. लग्न झाल्यापासून ती नरसोबाच्या वाडीला गेली, जोतिबाला गेली, लेकीला सासरी सोडायला बिद्रीला गेली, पण प्रत्येक ठिकाणाहून चारच्या आत परत आली. चार वाजता जिथून परतायचं नसतं अशा एखाद्या ठिकाणी तिला एकदा जायचं होतं. हे तिनं नवऱ्याला दोनदा सांगून बघितलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यानं विषय वैरणीवर नेला होता.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पृथ्वीराज म्हणाला, “दादा, मे महिन्यात तुम्ही दोघं या. पासपोर्ट काढून दोन वर्षं झाली, नुसते पडून आहेत. तिकिटं मी काढतो. तीन आठवडे राहा.”

रांगेत पंधरा माणसं होती. एवढी माणसं समोर असताना साधं उत्तर देणं बाळासोच्या रक्तातच नव्हतं. “मला कुठलं जमतंय,” तो म्हणाला. “म्हशी माझ्याबिगर एक दिस ऱ्हायच्या न्हाईत. तुझ्या वैनीला ने की. हिचं काय अडलंय हितं?”

त्याला वाटलं होतं, ती लाजून म्हणेल, तुमच्याबिगर मी एकटी कुठं जाऊ. वर्षाराणीनं बादली खाली ठेवली, पदरानं हात पुसले.

“जाते की मग,” ती म्हणाली. “पासपोर्ट तांदळाच्या डब्यात हाय.”

पंधरा माणसांसमोर दिलेला शब्द गिळायचा कसा? बाळासोनं तीन महिने वाट बघितली की व्हिसा नाकारतील, तिची कंबर धरेल, नाहीतर तिचं तिलाच कळेल. यातलं काही झालं नाही. जायच्या आधी आठ दिवस ती त्याला रोज एकेका म्हशीची खोड सांगत होती, कुणाला आधी पाठ खाजवून लागते, कुणाला कुठल्या बाजूनं बसलेलं चालतं. बाळासो फोनमध्ये बघत हूं हूं करत होता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, एका रविवारी संध्याकाळच्या धारा काढून ती मुंबईच्या गाडीत बसली.

सोमवारी पहाटे बाळासो बादली घेऊन चंद्रीखाली बसला. चंद्रीनं वळून त्याचा वास घेतला आणि दूध वर ओढून धरलं. त्यानं रेडकू सोडून बघितलं, पुढ्यात सरकीची पेंड ओतली, पाठीवर थापट्या मारल्या. रेडकू ढुशा देऊन दमलं. चंद्रीनं पेंड चवीनं खाल्ली आणि बादलीला लाथ घातली. पाडव्याला हजार लोकांत त्याच्यामागं धावणारी ही म्हैस, पण धावणं वेगळं आणि पान्हावणं वेगळं. तिच्या शेजारच्या राणीनं आणि बाकीच्या सहाजणींनीही तिचाच कित्ता गिरवला. रोज पन्नास लिटर निघायचं तिथं अकरा निघालं, आणि संध्याकाळी रांग रिकाम्या किटल्या वाजवत परत गेली.

मंगळवारी तेच, बुधवारी तेच. शेजारच्या गोठ्यातला ज्ञानू म्हणाला, “पान्ह्याची सुई मार एक. आपसूक सोडतीया.” बाळासोनं नकार दिला, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. गुरुवारी दोन म्हशींची कास दगडासारखी झाली, शुक्रवारी त्यातली एक हातच लावू देईना. असंच चाललं तर सड सुजून म्हशी कायमच्या वाया जाणार हे त्याला कळत होतं.

इकडं कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो येत होते. वर्षाराणी नदीकाठी, वर्षाराणी रेल्वेत, साडीवर जाऊबाईंचा स्वेटर आणि पायात बूट. तिलाही काळा चष्मा लावला होता. सगळ्या फोटोंत ती बसलेली होती आणि तिचे दोन्ही हात मांडीवर रिकामे होते. बाळासोला त्यातलं एवढंच दिसलं की आपण मरतोय आणि ही मजा मारतेय. शनिवारच्या कॉलवर तिला परत ये म्हणायचं, हे त्यानं पक्कं केलं. पोटात दुखतंय म्हणावं की चक्कर येते म्हणावं, एवढंच ठरत नव्हतं. म्हशी ऐकत नाहीत हे मात्र बोलायचं नव्हतं.

शनिवारी चार वाजता आक्का आली. आक्का सत्तरीची, दूध बाळासोच्या आजोबांपासून ह्याच गोठ्यातलं घेते. तिनं रिकाम्या बादलीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, “बाळ्या, तिचं पातळ नेस.”

“काय?”

“ते बघ खुंटीवर हाय, शेणामुतात नेसायचं. तिचा वास हाय त्याला. नेस आणि बस खाली. तुझ्या बाला बी मीच सांगितलतं.”

बाळासोनं रांगेकडं बघितलं, मग चंद्रीच्या कासेकडं बघितलं. मग खुंटीवरची साडी विजारीवरून गुंडाळली, डोक्यावरून पदर घेतला आणि खाली बसला. पदराखालून मिशा तेवढ्या बाहेर राहिल्या. रांगेतल्या माणसांनी आधी सभ्यपणे हसू दाबलं, नंतर तेही सोडून दिलं. चंद्रीनं पदर हुंगला, थोडा चघळला, आणि डोळे मिटून पान्हा सोडला. बादलीत धार वाजली तेव्हा बाळासोला रडू येता येता राहिलं.

एवढ्यात फोन वाजला. साडेचार झाले होते. बाळासो नको नको म्हणेपर्यंत आक्कानं हिरवं बटण दाबून फोन त्याच्या खांद्याशी धरला. तिकडं तळ्याकाठी सतरंजीवर आठ कुटुंबं बसली होती, आणि आठ कुटुंबांनी शिवाजी पेठेतला बाळासो डोक्यावर पदर घेऊन बघितला. थर्मास कलंडल्याचा आवाज इकडं ऐकू आला. “दादा?” एवढंच पृथ्वीराजच्या तोंडून निघालं.

मग फोन वर्षाराणीनं घेतला. तिनं चष्मा वर केला. ती हसली नाही.

“लेकीनं बिद्रीवरनं सांगितलं मला कालच,” ती म्हणाली. “म्हशी दुधाला आडल्यात म्हणं. भावजी म्हणत्यात तिकीट फिरवून मिळतंय. येऊ का मंगळवारी?”

तिला यायचं नव्हतं. ते तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं, आणि तो म्हणाला असता तर ती आली असती, हेही दिसत होतं. बाळासोच्या जिभेवर शब्द तयार होता. सहा दिवस घोटलेला होता तो. पण फोनकडं बघायला मान वळवावी लागत होती, आणि ती वळवेपर्यंत त्याच्या डोळ्यांसमोर फक्त म्हशीचं पोट आणि त्याच्यापलीकडं शेणानं सारवलेली भिंत होती. तिथं बसून दुसरं काही दिसतच नव्हतं. रांग दिसत नव्हती, रस्ता दिसत नव्हता, पाठीमागं चाललेलं हसणं तेवढं ऐकू येत होतं. गुडघे फुटायला आले होते आणि ही पहिलीच म्हैस होती. बायकोनं इथं बसून रोज आपलं बोलणं ऐकलं, हे त्याला आत्ता कळलं, आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“येऊन तरी काय करणार हाईस?” तो एकदम खेकसला. “हेच की. ऱ्हा तितंच. तीन आठवडं म्हटलंय तर तीन आठवडं.”

तिकडं वर्षाराणीनं सतरंजीवर नीट मांडी घातली.

“राणीला पदर तोंडाम्होरं धरा आधी,” वर्षाराणी म्हणाली. “ती हुंगल्याबिगर बसू देत न्हाई.” आणि तिनं चष्मा परत डोळ्यांवर ओढला.

बाळासो उठला, पदर खोचला आणि बादली घेऊन पुढच्या म्हशीकडं गेला.