नऊ नंबर आणि दहा नंबर

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कुडाळला राखणदाराला नारळ देतो, तोही आई सांगते म्हणून. वाचून कोणी "दादा, जरा कमी घ्या" म्हणणार असेल तर... मी पीतच नाही!

मस्कतमध्ये प्रदर्शनं उभारणाऱ्या कंपनीत मी सुतार आहे. गेल्या हिवाळ्यात मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका हॉलमध्ये काम होतं. बाल्कनमधला एक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठ धरणाखाली जाणार होता, म्हणून दगड न् दगड सुटा करून दुसरीकडे उभारला. भिंतींवरची चित्रंसुद्धा कापून नेली. त्या चित्रांच्या सोळा नकला मोठ्या फळ्यांवर रंगवून आल्या होत्या. नऊ नंबरात एक संत होडीत आडवा. दहामध्ये तो मेलेला, शिष्य रडताहेत. प्रत्येक फळी मागून आठ स्क्रूंनी आवळलेली.

जेवून येतो तर नऊच्या जागी दहा, दहाच्या जागी नऊ! स्क्रू घट्टच. नीट लावलं. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. मॅनेजर खन्ना सगळ्यांसमोर ओरडला, "ड्रॉइंग पढ़ना नहीं आता? और एक बार हुआ तो खलास, गाँव का टिकट!"

चौदा वर्षं काम केलंय मी... एक खिळा वाकडा नाही!

तिसऱ्या दिवशी हॉलला कुलूप लावून किल्ली त्याच्याच हातात दिली आणि त्याच्यासमोरच जेवलो. दार त्यानेच उघडलं. पुन्हा अदलाबदल! तर म्हणतो काय, "तेरे पास डुप्लिकेट चाबी है." माफीनामा लिहून घेतला माझ्याकडून. संध्याकाळी उद्घाटन, बदलायला वेळच नव्हता.

चित्रं रंगवणाऱ्या बाई आल्या. सत्तरीच्या असतील. त्या दोन फळ्यांसमोर थांबल्या आणि त्यांचे डोळे भरले. इंग्रजीत म्हणाल्या, "हे कोणी सांगितलं तुम्हाला? लहानपणी जुन्या जागी मी असंच पाहिलंय. आधी मरण, मग होडी. होडीतून त्याचा देह नेतात. नव्या जागी उलटं बसवलं, माझं कोणी ऐकलं नाही. शेवटी मीही तसेच नंबर घातले."

खन्ना लगेच पुढे. "आय टोल्ड देम, मॅडम!"

नंतर माफीनामा परत मागितला, तर "छोड़ ना यार." अजून फाइलमध्ये आहे तो.

फळ्या कोणी हलवल्या, मला आजही माहीत नाही. पण ज्याला कोणाला ती चूक सुधारायची होती, त्याने निदान मला सांगून तरी हात लावायचा — माझी नोकरी जात होती हो!