दोर झिजला आहे

संघदीप दर मार्चात राजेंद्र नगरातल्या माझ्या दुकानात येतो. मी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो, तो लिफ्टची देखभाल करतो. एका तीन मजली सरकारी कचेरीची लिफ्ट अकरा वर्षं त्याच्याकडे होती. सरकारी म्हणावं असं तेवढंच काम त्याच्या हातात उरलेलं, आणि सरकारी कामाचा दाखला नसेल तर दुसरीकडची निविदा भरता येत नाही. म्हणजे दाखला गेला की धंदाच बंद.

त्याला एक खोड होती. मशीनरूममधल्या रजिस्टरात तो जे दिसेल तेच लिहायचा. बाकीचे ठेकेदार ‘सब ठीक’ लिहून मोकळे होतात. याच्या पानांवर दोन वर्षं दर महिन्याला एकच ओळ: दोर झिजला आहे, बदलावा. खाली कचेरीतल्या साहेबांची सही. दोराचा खर्च कचेरीनं करायचा होता आणि मंजुरी काही येत नव्हती.

यंदा त्याच लिफ्टच्या नव्या निविदेसोबत कचेरीनं वर्षभराच्या रजिस्टरची प्रत मागितली. मी कपाळावर हात मारला.

“अरे, कोरं रजिस्टर आण आणि ‘सब ठीक’ लिहून टाक. कोण बघतंय?”

“नाही हो बाळकृष्णजी. दोर घिसलाय तर घिसलाय असंच लिहिणार ना. लोक चढतात, भिया, त्याच्यात.”

मी चिडचिड करत एकेक पान स्कॅन केलं. तो शांतपणे चहा पीत बसला होता.

आठवड्यानं निकाल लागला. तो कागदांच्या छाननीतच बाद झाला, त्याचा दर उघडलाच नव्हता. कारण दिलं होतं: देखभाल असमाधानकारक, पुरावा ठेकेदाराच्या स्वतःच्या नोंदी. मी तावातावानं अपील करू म्हणालो. “थकलो हो आता,” एवढंच तो बोलला. मला ते ऐकवेना.

ताबा द्यायला गेला तेव्हा मीही सोबत गेलो. नवा ठेकेदार अनीश, माणूस वाईट नव्हता. संघदीपनं लिफ्ट बंद करून दोरावरून फडकं फिरवलं. ते तीन ठिकाणी अडकलं.

“या तुटलेल्या तारा. दर हफ्त्याला बघत जा, आणि साहेबांच्या मागे लाग.”

अनीशनं मान हलवली. त्याच्या नव्या रजिस्टरात पहिली ओळ आधीच लिहिलेली होती. सब ठीक.

तिसऱ्या मजल्यावर साहेबांनी छापील कागद पुढे सरकवला. ‘लिफ्ट उत्तम स्थितीत सोपवली.’ आठवड्यापूर्वी असमाधानकारक असलेली लिफ्ट आज उत्तम झाली होती! संघदीपच्या अकरा वर्षांच्या कामाचा दाखला त्यांच्या हाताखाली होता.

“पहले साइन कर दो, फिर ले जाओ,” साहेब म्हणाले.

संघदीपनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्यानं सही केली. अकरा वर्षांत असल्या ओळीखाली पहिल्यांदाच. इतके दिवस हेच कर म्हणून मी त्याच्या मागे लागलो होतो, आणि आता मला त्याच्याकडे बघवेना. लाज माझीच वाटत होती.

बाहेर लिफ्ट उघडी उभी होती. त्याचे गुडघे दुखतात, तरी तो जिन्यानं उतरला. खाली एक म्हातारी बाई बटण दाबून वाट बघत होती.

“माताजी, कौनसी मंजिल?”

“तीसरी, बेटा.”

त्यानं दाखला घडी करून खिशात घातला, तिची पिशवी घेतली आणि तिला हात देऊन पुन्हा जिना चढायला लागला.