गाऊनवरची आई

गेल्या रविवारी बाबांनी आईचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि कपाटात टाकला.

"ही बाई मला नको."

आज आईला जाऊन वर्ष झालं, म्हणून हे लिहितेय. नाहीतर घरातलं घरातच राहिलं असतं.

आई गेली तेव्हा फ्रेमसाठी तिचा एक धड फोटो सापडेना. प्रत्येक लग्नात ती शेवटच्या रांगेत, नाहीतर पंगतीत वाढायला.
शेवटी माझ्या मोबाइलमधला एक दिला. घरातलाच, पण त्यात ती समोर बघत होती.

स्टुडिओवाला म्हणाला, "मॅडम, गाऊन बरा नाही दिसणार. साडी लावून देतो ना."

लावली. हिरवी पैठणी. गळ्यात ठुशी, जी आईकडे कधी नव्हतीच. चेहरा इतका गोरा आणि गुळगुळीत केला की पार वाट लावली.

आत्या म्हणाली, "झकास दिसतेय वहिनी."
त्या दिवसांत कोण वाद घालणार?

वर्षभर बाबा त्या फोटोसमोर बसून चहा प्यायले. आणि रविवारी मला म्हणाले,
"डोळे मिटले ना, की हीच येते गं आता. पैठणीवाली. तुझी आई कशी दिसायची, तेच आठवेनासं झालंय."

मला रडूच आलं.

मग मी मोबाइलमध्ये, तो मूळ फोटो काढला त्या दिवसाचे बाकीचे फोटो शोधले.

तेव्हा नवीन फोन घेतला होता. घाटकोपरहून मुलुंडला, माहेरी आले आणि दिवसभर उगाच फोटो काढत सुटले. सण नाही, वाढदिवस नाही, काही म्हणजे काही नाही.

कोथिंबीर निवडणारी आई, अर्धं लक्ष खिडकीखालच्या भाजीवाल्याकडे.
कपडे झटकताना उडालेले थेंब, आणि त्यात सकाळचं ऊन.
सोलकढीसाठी नारळाचं दूध पिळणाऱ्या तिच्या मुठी. बोटांमधून पांढरी धार.

दुपारी लादीवर आडवी झालेली ती. उशाशी चष्मा. पंख्याच्या वाऱ्यावर गाऊनचा काठ हलतोय, असं त्या फोटोतसुद्धा वाटतं.

आमच्याकडे सूर्य डोंगराआड लवकर जातो. मग बराच वेळ घरात एक मऊ उजेड असतो, दिवा लावावासा न वाटणारा. त्या उजेडात केस विंचरत बसलेली आई. कुठेच बघत नसलेली.

एकेक फोटो सरकवत गेले आणि कधी त्या घरात जाऊन बसले, कळलंच नाही. ओल्या खोबऱ्याचा वास आला, खरंच आला.

आणि तिचा आवाज. दिवसभर मालवणीत एकच भुणभुण.

"कित्याक काढतंस गो? गाऊनवर आसंय मी."
"असू दे गं. छान दिसतेस."
"छान कसली! डिलीट कर. लोकां हसतली."

घरात ती कायम गाऊनवर. दाराची बेल वाजली की खांद्यावर ओढणी. फोटो मात्र साडीतच काढायचा, हा तिचा कायदा.

बाबांना फोन दिला. चष्मा कपाळावर चढवून, स्क्रीन नाकाशी धरून ते बघत राहिले. चहा गार झाला. एका फोटोवर थांबले.

विटलेला चॉकलेटी गाऊन, तुटलेल्या बटणाच्या जागी सेफ्टी पिन. मला अडवायला पुढे केलेला हात. बोलता बोलता उघडं राहिलेलं तोंड.

"हाच."
"बाबा, हललाय हा."
"मग? ती कुठे स्थिर बसायची?"

आज सकाळी तोच फोटो, मोठा करून, भिंतीवर लागला. कुणाला साडी लावू दिली नाही.

आत्या बघतच राहिली. "अरे दादा, गाऊनवर? येणारे-जाणारे काय म्हणतील?"

"त्यांनी त्यांच्या घरी त्यांच्या बायकोचा लावावा. पैठणीत लावावा."

आत्या आत गेली आणि हाराचं ताट घेऊन आली.

बाबांनी हार स्वतः घातला. जरा मागे सरकले आणि डोळे मिटून उभे राहिले. आम्ही त्यांच्याकडे बघतोय.

बऱ्याच वेळाने, डोळे न उघडता, हसले.

"आली गं. ओरडतेय."

आई, सुखात राहा. बाबांची काळजी करू नकोस, आम्ही आहोत.